पिटुक्याच्या बटव्याची वादी

सांगा बरं, भरवसा कुणावर ठेवायचा? मोठ्ठ्या आवाजावर, की छोट्या फुंकरीवर?

थांबा, थांबा. घाई नको. आमच्या दुकानातसुद्धा गिऱ्हाईक आधी माल बघतं, मग बोलतं. ही शेंगांची वाटी मध्ये ठेवू, खात खात आधी ऐका. मग सांगा.

शिदूतात्यांची चप्पल तुटली. फट्!
तात्यांनी ती कुंपणाशी फेकली. धप्!
कुंपणाशी राहायचा पिटुक्या उंदीर.

सगळे उंदीर कातडं कुरतडतात. कुर्र कुर्र.
पिटुक्या कातडं शिवायचा. टुच् टुच्.
घरचे म्हणायचे, "पोरगं वाया गेलं!"

पिटुक्यानं मातीत नखानं चित्र काढलं. गोल पोट. बारीक मान. आत एक लवंग मावेल, एवढा बटवा.
मग चप्पल कापली. कशानं? दातांनी!
चप्पल एक. बटवे तीन. जेवढं कातडं, तेवढाच माल.

आज गावचा बाजार. बटवा द्यायचा, शेंगा घ्यायच्या.
पहिल्या बटव्याच्या शेंगा आईला.
दुसऱ्याच्या बाबांना.
तिसऱ्याच्या? पिटुक्याला!

पण तिसऱ्याची वादी राहिली होती. वादी म्हणजे कातड्याची दोरी. ती ओढली, की बटव्याचं तोंड बंद.
वादी ओली असली, की वळते. वाळली, की काडी!
म्हणून पिटुक्यानं ती वाटीत भिजत घातली. डुबुक्!

काव काव! कावळा आला. वाटीत डोकावला.
"अहाहा! गांडूळ!"
उचललं. भुर्र! बसला चिंचेवर.
चोच मारली. चामट! पुन्हा मारली. चामटच!
पण कावळा फार हुशार. हुशार मंडळी चूक कबूल करतात का? छे!
"झकास गांडूळ आहे," कावळा म्हणाला. "जरा मुरू दे." आणि पायाखाली दाबून बसला.

"कावळेदादा, ती माझी वादी! द्या ना!"
"वादी? मला शिकवतोस? बसलो म्हणजे बसलो. चिंच हलल्याशिवाय मी नाही सोडत!"

तुरु तुरु तुरु. पिटुक्या चिंचेकडे गेला. चिंच बारकी, तोरा मोठ्या झाडाचा.
"चिंचमावशी, हला ना!
कावळा सोडत नाही,
वादी वाळत चालली,
बटव्याचं तोंड उघडंच!"
"हलले असते रे बाळा. पण मला किती कामं! दिवसभर उभं राहायचं असतं. शेळीनं अंग घासल्याशिवाय मी नाही हलत!"

तुरु तुरु तुरु. पिटुक्या शेळीकडे गेला.
"शेळीकाकू, अंग घासा ना!
चिंच हलत नाही,
कावळा सोडत नाही,
वादी वाळत चालली,
बटव्याचं तोंड उघडंच!"
"मन माझं फार मोठं आहे हो. दोरीच मेली आखूड! तात्यांनी सोडल्याशिवाय मी नाही घासत!"

तुरु तुरु तुरु. पिटुक्या तात्यांकडे गेला.
"तात्या, शेळी सोडा ना!
शेळी घासत नाही,
चिंच हलत नाही,
कावळा सोडत नाही,
वादी वाळत चालली,
बटव्याचं तोंड उघडंच!"
"सोडतो की! मदतीला माझ्यासारखा धावणारा गावात नाही," तात्या म्हणाले. बसल्या बसल्या. "पण चहा पोटात गेल्याशिवाय मी नाही उठत!"

तुरु तुरु तुरु. पिटुक्या किटलीकडे गेला.
"किटलीताई, उकळा ना!
तात्या उठत नाहीत,
शेळी घासत नाही,
चिंच हलत नाही,
कावळा सोडत नाही,
वादी वाळत चालली,
बटव्याचं तोंड उघडंच!"
"मी? मी सकाळपासून तयार! पाणी आहे, पत्ती आहे, गूळ आहे. पण चूल पेटल्याशिवाय मी नाही उकळत!"

तुरु तुरु तुरु. पिटुक्या चुलीकडे गेला.
"चूलआजी, पेटा ना!
किटली उकळत नाही,
तात्या उठत नाहीत,
शेळी घासत नाही,
चिंच हलत नाही,
कावळा सोडत नाही,
वादी वाळत चालली,
बटव्याचं तोंड उघडंच!"
"पेटते रे सोन्या. पोटात निखारा आहे. पण फुंकर मारल्याशिवाय मी नाही पेटत!"
"फुंकर कुणाची?"
"कुणाचीही!"

पिटुक्या बघतच राहिला. एवढी मोठी मोठी मंडळी! अडली कुठं? एका फुंकरीवर!

पिटुक्यानं गाल फुगवले. फूऽऽ!
राख उडाली. मिशा पांढऱ्या झाल्या.
पुन्हा फुगवले. फूऽऽऽ!

चूल पेटली. भक्!
किटली उकळली. खद खद!
तात्या चहा प्याले. सुर्र सुर्र! मग उठले. हाश्श हुश्श!
दोरी सोडली. सुट्!
शेळीनं अंग घासलं. खस खस!
चिंच हलली. सळ सळ!
कावळा उडाला. फड फड!
आणि वादी पडली. टप्!

अरेरे! टोक वाळलं होतं. काडीसारखं कडक!
पण मध्ये? मध्ये अजून मऊ होती.
पिटुक्या हसला. कडक टोक बटव्याच्या काठच्या भोकांत घातलं. सुईसारखं सर्रकन गेलं! मऊ वादी मागून आली. सर्र सर्र! टोक कापलं. कट्! वादी ओढली.
बटव्याचं तोंड बंद!

बाजारात पहिला बटवा गेला. शेंगा आईला. दुसरा गेला. शेंगा बाबांना.
तिसऱ्यापाशी तात्या थांबले. "वा रे पोरा! काय कातडं आहे! असं कातडं हल्ली मिळतच नाही."
"तात्या, तुमचीच चप्पल आहे ही."
"मग तर झकासच असणार!"
तात्यांनी मूठभर शेंगा दिल्या. आपल्याच चपलेत लवंग ठेवली. खुशीत घरी गेले.

तेवढ्यात कावळा आला. काव काव! "टोक मी वाळवलं. शेंगा माझ्या!"
"नाही कसं, कावळेदादा! तुमचं तुम्हाला," पिटुक्या म्हणाला. त्यानं कापलेलं टोक पुढं ठेवलं. "घ्या तुमचं गांडूळ. छान मुरलंय आता."
कावळ्यानं गिळलं. गटक्! डोळ्यांत पाणी आलं.
"झकास आहे," म्हणाला.
हुशार ना!

आणि शेंगा? त्या पिटुक्यानं खाल्ल्या. कुटुम कुटुम!

आता तुम्ही सांगा, भरवसा कुणावर? आणि हो, गोष्ट सुरू झाली तेव्हा आपली वाटी शेंगांनी भरलेली होती. आता बघा, टरफलंच टरफलं! मी किती खाल्ल्या? तुम्ही किती खाल्ल्या? बोटांवर मोजा. खरं खरं सांगा हं.
आणि ते पाठीमागं लपवलेलं बोट... तेही मोजा, राजा.