श्वासाचं ऐकणारी नाडी

एकदा एका पेठेच्या गावातला एक गुळाचा व्यापारी छातीत कळ येऊन दुकानातच कोसळला. जिवावरचं निभावलं. मग घरच्यांनी सगळे करतात तेच केलं, माणसाला मूर्तीसारखं गादीवर बसवलं. ताट गादीवर, हात धुवायला तस्तही गादीवर. कूस बदलली तरी बायको ओरडायची, "अहो, हळू!"

वृद्ध वैद्यबुवा शिष्याला घेऊन आले. शिष्याने नाडी धरली आणि तो खुलला. "बुवा, उत्तम! घड्याळासारखी एकसारखी."

बुवांचा चेहरा उतरला. "शेठ, उद्यापासून चालायचं."

"चालायचं?" बायको कडाडली. "माझं कुंकू पुसायला निघालात की काय?"

"ते ही गादीच पुसेल, बाई."

आधी ओटीपर्यंत, मग अंगणात, मग पेठेच्या वळणापर्यंत. शिष्य शेजारी. दम लागला की बसायचं, सावकाश श्वास घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा. शेठ भीतीनेच घामाघूम व्हायचा आणि बायको देव पाण्यात घालून बसायची.

दोनअडीच महिने गेले. शिष्याने नाडी धरली आणि तो पांढराफटक पडला. "बुवा, बिघडली! कधी लगबगते, कधी रेंगाळते."

बायकोने हंबरडा फोडायच्या आत बुवांनी मनगट हातात घेतलं, डोळे मिटले, आणि चक्क देवघराकडे वळून हात जोडले. "गूळ आणा. तोंड गोड करा सगळ्यांचं."

"गूळ? नाडी बिघडलेली असताना?" शिष्याने विचारलं.

"अरे शहाण्या, यांच्या श्वासाकडे बघ. आत घेतला की नाडी किंचित लगबगते, सोडला की निवांत होते. अडखळणारी नाडी वेगळी, तिला मीही भितो. ही श्वासाचं ऐकते आहे. धसका घेतलेलं काळीज एकाच ठेक्याला चिकटून बसतं. बऱ्या होणाऱ्या काळजाला चढावर धावता यावं लागतं आणि सावलीत विसावताही यावं लागतं. ते गादीवर पडून कसं शिकणार?"

शेठने छातीवर तळवा ठेवला. मग म्हणाला, "बुवा, जन्मापासून हे माझ्यासाठी राबतंय. मी त्याला नुसता घाबरत बसलो. उपकार आहेत हो याचे. तुमचेही."

बायकोने वाकून बुवांच्या पायांना हात लावला.

"पुरे, पुरे," बुवा खेकसले. "शेठ, चपला घाला. ऊन तापायच्या आत देवळापर्यंत जाऊन यायचंय."