हलक्या नाण्यांचा रांजण

एका राज्यात नदी दुथडी भरून वाहत होती, आणि तिच्याच पल्याडच्या माळावर माणसं घागरभर पाण्यासाठी दोन कोस चालत होती. तिथला राजा अरिंजय. मनानं मऊ, कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिभेवर येत नसे. त्यानं माळापर्यंत पाट खणायला घेतला आणि कामाची मुखत्यारी म्हाळसा पाथरवटणीकडे दिली. म्हाळसा माळावरचीच. पाणी वाहून वाहून तिच्या आईची कंबर धरली होती. तिनं आईला शब्द दिला की तुझ्या दारात पाणी येईल तेव्हाच मी डोक्यावरची पाटी उतरवीन.

तीन वर्षं काम झपाट्यानं चाललं. उतार धरून वळणं घेत जाणाऱ्या पाटाचे सातांपैकी सहा कोस झाले. तेवढ्यात मायाधर नावाचा जादूगार दरबारात आला, खांद्यावर काळा रांजण घेऊन. रांजणात एक नाणं टाकावं, दोन काढावीत. मोबदला काही न मागता तो रांजण ठेवून निघून गेला, आणि राजाला त्याची शंकाही आली नाही. त्यानं मजुरी दुप्पट केली, शिपायांना नवे अंगरखे दिले, महालावर सातवा मजला चढवायला घेतला.

आता गंमत ऐका. नाणी दुप्पट झाली, पण शेतातली ज्वारी होती तेवढीच राहिली. सकाळी नाण्याला पायलीभर मिळणारी ज्वारी दुपारी अर्धी पायली मिळे, संध्याकाळी ओंजळभर. राजानं मजुरी चौपट केली, भाव आठपट झाले. मजूर भर दुपारी कुदळ टाकून बाजाराकडे पळू लागले. कुणी नवा नांगर करवीना, कुणी आंब्याची कोय लावीना. पुढच्या वर्षाचा विचार करायला सवड होती कुणाला? पुढे पुढे तर नाणी इतकी हलकी झाली की वारा सुटला की उडून जात. बाया त्यांच्यावर दगड ठेवू लागल्या.

पाट सहा कोसांवर थांबला. चाळीस दिवसांनी नदीला पूर यायचा, आणि अर्धवट पाटात गाळ भरला की सगळी मेहनत पाण्यात.

रिकाम्या पाटाच्या काठावर एक भारद्वाज बसला होता. तो बोलू लागला.

"म्हाळसाबाई, हा रांजण घणानं फुटायचा नाही. प्रत्येक नवं नाणं तो कुणाच्या तरी मुठीतल्या नाण्याचं वजन चोरून घडवतो."

उपायही त्यानंच सांगितला. सूर्योदयापासून मावळतीपर्यंत एकच भाव सांगेल अशा माणसाची तागडी आणायची. त्या तागडीवर खऱ्या वजनाचं ठरेल असं नाणं शोधून रांजणाच्या घशात बसवायचं. आणि ज्यानं काढलं त्यानंच स्वतःच्या हातानं सगळं परत घालायचं. एवढं बोलून पक्षी उडून गेला.

म्हाळसा बाजारात गेली आणि दिवसभर एकच भाव ठेवा म्हणाली. सगळे तिला हसले. गोदू तेलीण तेवढी हसली नाही. ती म्हणाली की संध्याकाळी भाव वाढवला नाही तर उद्याचे तीळ कशानं घेऊ? खरंच होतं तिचं. म्हाळसानं हातातल्या चांदीच्या पाटल्या उतरवून तिच्यापुढे ठेवल्या, उद्याच्या तिळांसाठी. गोदूनं दिवसभर एकाच भावानं तेल विकलं. शेजारपाजारचे तिला येडी म्हणाले, ती बधली नाही. मावळतीला तिनं तागडी म्हाळसाच्या हाती दिली.

त्या तागडीवर गावोगावची नाणी तोलली, पण पारडं काही हलेना. मग म्हाळसाला आठवलं. पाटाच्या तोंडाशी पहिला दगड बसवताना रीतीप्रमाणे तिनं त्याखाली एक नाणं ठेवलं होतं. ते कुणाच्याच मुठीत नव्हतं, म्हणून रांजणाला सापडलं नव्हतं. पण तो दगड काढायचा म्हणजे पाटाचं सगळं तोंड उकलायचं. ती तिथेच बसून पोटभर रडली. मग उठली, पदर खोचला आणि स्वतःच पहार घातली.

दरबारात तिनं तागडी धरली. एका पारड्यात राजाच्या खजिन्यातली ओंजळभर नाणी, दुसऱ्यात मातीनं माखलेलं ते एक. मातीचं पारडं खाली टेकलं.

"मी तर सगळ्यांना देतच आलो," राजा म्हणाला.

"महाराज, ज्यांचं घेऊन दिलंत, त्यांना विचारलं नव्हतं."

प्रधानानं सातव्या मजल्याची आठवण करून दिली. राजानं त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही. त्यानं मातीनं माखलेलं नाणं रांजणात टाकलं. ते घशात घट्ट बसलं, त्याच्या कडेनं आत घालता येई, बाहेर काही निघत नसे. मग राजा बाह्या सारून नाणी परत घालू लागला.

अकरा दिवस घालत होता. हातांना फोड आले. भाव काही लगेच उतरले नाहीत हो! मजुरी उतरली ती आधी. लोकांनी म्हाळसाला शिव्या दिल्या, एकानं ढेकूळही मारलं. ती पाट खणत राहिली, एकटी. बाराव्या दिवशी जोराचा वारा सुटला आणि ओट्यावरची नाणी जागची हलली नाहीत.

मग आठवड्याची मजुरी आठवडाभर पुरू लागली. मजूर खाली मान घालून कामावर आले. महालावरचे गवंडीही राजानं पाटावर धाडले. अडतिसाव्या दिवशी सातवा कोस संपला. उरला पहिला दगड. रीतीचं नाणं तर रांजणात अडकलेलं, तेव्हा म्हाळसानं अख्खा रांजणच पालथा घातला आणि त्यावर दगड बसवला.

चाळिसाव्या दिवशी पूर आला. पाणी सात कोस वाहत माळावर गेलं आणि म्हाळसानं आईच्या दारात डोक्यावरची पाटी उतरवली.

वर्षानं मायाधर परतला आणि रांजण मागू लागला. म्हाळसानं त्याला आईच्या दारापुढच्या पाटावर नेलं.

"तिकडे नदीपाशी, तोंडाच्या दगडाखाली आहे. उचल. पण आधी यांना विचार."

काठावर आंब्याची रोपं टोपलीभर उंचीची झाली होती. बाया धुणं धूत होत्या, गोदू तेलीण तीळ पेरायला आली होती. सगळ्या हातातलं काम ठेवून उठून उभ्या राहिल्या. म्हाळसाची म्हातारी आईसुद्धा कंबरेवर हात ठेवून उठली. सगळ्या त्याच्या वाटेत आडव्या आल्या.

जादूगार आल्या वाटेनं गेला. म्हातारी पुन्हा खाली बसली आणि बसल्या जागी तिनं घागर भरून घेतली.