चुन्याच्या रेघेवरचे उस्ताद

अक्षरशः खरी गोष्ट आहे. मी स्वतः त्या गॅरेजात टायरवर बसलो होतो. म्हणजे बसलो नव्हतो. टायरवर ज्ञानू ड्रायव्हर बसला होता आणि त्यानं मला सांगितलं. ज्ञानू खोटं बोलत नाही. बोलतो, पण ब्रेकच्या बाबतीत नाही.

"ब्रेकचे पॅड नवे घातले ना, मग डिस्क कशाला बदलायची उस्ताद?"

विश्वजितनं असं विचारलं, तेव्हा उस्ताद दस्तगीर जीपच्या उघड्या चाकाशी उकिडवे बसले होते. घाटाच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज. विश्वजित डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली आलेला, सहा महिन्यांत सगळं शिकून झालं असं मानणारा. जीप ज्ञानूची. रोज सकाळी तीत घाटावरची अकरा पोरं खालच्या शाळेत उतरायची.

उस्तादांनी डिस्कवरून नख ओढलं. नख अडकलं... सुटलं... पुन्हा अडकलं.

"रेघा आहेत," विश्वजित म्हणाला. "पण मी जाडी मापलीय. बावीस मिलिमीटरला बदला असं पुस्तक म्हणतं. ही बावीसच्या वर आहे."

"किती वर?"

"केसभर."

"मग पुस्तक काय म्हणतं?"

"चालेल म्हणतं."

"आणि तू?"

विश्वजित हसला. "मी पुस्तकाच्या बाहेर कशाला जाऊ?"

ज्ञानूला तेवढंच हवं होतं. डिस्क साताऱ्याहून एसटीनं यायची, म्हणजे जीप एक दिवस उभी. "पोरांची शाळा बुडंल हो उस्ताद," तो टायरवरून म्हणाला.

उस्तादांनी हात पुसले. "चाक लाव. बघू."

त्या गॅरेजची एक रीत होती. ब्रेकचं काम झालं की समोरच्या उतारावर चुन्याची रेघ मारायची. ज्यानं काम केलं, त्यानं रेघेवर गाडीकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्यानं गाडी सोडायची आणि रेघेच्या अलीकडे थांबवायची.

विश्वजित रेघेकडे निघाला.

"तू स्टिअरिंगवर बस," उस्ताद म्हणाले.

"काम माझं आहे. उभा मी राहणार."

"बस म्हटलं ना."

आणि ते स्वतःच उतरून गेले. रेघेवर पाठमोरे उभे राहिले. हात मागं बांधले, डोळे मिटले.

विश्वजितनं हँडब्रेकवर हात ठेवला. समोर काच, काचेत घामानं भिजलेला सदरा, सदऱ्याच्या पाठीवर ग्रीसचा जुना डाग. बावीसच्या वर आहे, तो मनाशी म्हणाला. केसभर का होईना, वर आहे...

हात हलेना.

"झोप लागली का रं?" ज्ञानू ओरडला.

विश्वजित खाली उतरला. उतारावरून चालत उस्तादांच्या मागं जाऊन उभा राहिला.

"डिस्क मागवतो."

"पुस्तक बदललं?"

"नाही."

"माप चुकलं होतं?"

"नाही."

"मग?"

विश्वजितनं बुटाच्या टोकानं रेघेवरचा चुना खरवडला.

"मग, विश्वजित?"

"कळत नाही उस्ताद."

उस्ताद मागं न वळता म्हणाले, "मागव."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं डिस्क आल्या. अकरा पोरांना फुकटची सुट्टी मिळाली आणि त्यांनी विश्वजितला मनापासून दुवा दिला. त्यानं डिस्क बसवल्या, तेल पुसून काढलं, चाकं आवळली, रेघ नव्यानं मारली. आरशासारखं काम. आज त्याला काही विचारायचं नव्हतं. कालच्यासारखं स्टिअरिंगवर बसून त्यानं ऐटीत हाक मारली.

"या उस्ताद. आज बिनघोर उभे राहा. पॅड नवे, डिस्क नव्या, पुस्तक खूश, मी खूश."

उस्ताद उतारावर गेले. रेघेपाशी थांबले. रेघ ओलांडली. रस्त्याच्या कडेला गेले, धोतर सावरून दगडी कठड्यावर चढले आणि पलीकडे उतरले. नुसती टोपी दिसत राहिली.

ज्ञानू टायरवरून उठला आणि गॅरेजच्या भिंतीआड गेला.

विश्वजितला कळेना हसावं की रागवावं. त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"हे काय उस्ताद? काल डिस्क जुनी होती तर रेघेवर पाठ करून उभे राहिलात. आज सगळं नवं, तर कठड्याआड?"

टोपी हलली नाही.

"सांगा ना. माझ्यावर भरवसा नाही?"

"काल होता."

"काल तर मला काहीच कळत नव्हतं!"

"हां," कठड्याआडून आवाज आला. "म्हणून तर उभा होतो, बाबा."

...

यातलं बनवलेलं काय, ते कबूल करून टाकतो. उस्तादांनी डोळे मिटले, हे माझं. ते पाठमोरे होते; डोळे ज्ञानूला दिसले नाहीत, विश्वजितलाही नाहीत. कदाचित टक्क उघडे असतील.