वगळलेला कारखाना

"...मग बाई, यातली खरी पद्धत कोणती?"

उन्मेष नाटेकरने प्रबंधाची जाड प्रत टेबलावर ठेवली आणि तो उत्तराची वाट पाहत बसला.

मालिनी पाध्ये बाईंनी विद्यापीठात आयुष्यभर आर्थिक भूगोल शिकवला होता. निवृत्तीनंतरही विद्यार्थी घरी येत. बहुतेक जण अडलेलं विचारायला येत. उन्मेष उत्तर घेऊनच आला होता. त्याला फक्त बाईंची मान हललेली पाहायची होती.

विषय त्याच्या गावचाच होता. तिथे खाडीकाठी एके काळी ओळीने मंगळुरी कौलांचे कारखाने होते. आता एकही नाही. ते का बंद पडले, एवढाच प्रश्न.

उन्मेषने समजावून सांगितलं. वस्तूच्या मागे जायची पद्धत घेतली, तर एक उत्तर मिळतं. कौल मातीतून निघून छपरावर पोचतं, आणि छपरावर पत्रा न् स्लॅब आले की त्याची गरज संपते. प्रदेशाचा अभ्यास केला, तर दुसरं. चांगली माती संपली, सरपण महागलं, खाडी गाळाने भरली आणि माल नेणारे मचवे येईनासे झाले. दोन्ही उत्तरं बरोबर, पण ढोबळ. म्हणून त्याने तिसरी वाट धरली होती. माती, सरपण, वाहतूक, बाजार, सगळं एका सूत्रात घातलं. त्या सूत्राने प्रत्येक कारखाना कोणत्या वर्षी बंद पडायला हवा ते काढून दिलं. आणि तो त्याच सुमारास बंद पडलेला निघाला.

"सगळे?" बाईंनी विचारलं.

"सगळे."

बाईंनी प्रबंधातला नकाशा उघडला. खाडीच्या वळणावर बोट ठेवलं. तिथे कागद कोरा होता.

"इथे एक धुराडं होतं," त्या म्हणाल्या. "मी मुलांची सहल घेऊन गेले होते. तुझ्या प्रबंधाप्रमाणे त्या वर्षी काठावर काहीच चालू नव्हतं... मी तिथे चहा प्यायले."

उन्मेषने नकाशा आपल्याकडे वळवला. मग म्हणाला, की तो कारखाना त्याने अपवाद म्हणून वगळला होता. बाकीचे बंद पडल्यावरही तो वर्षानुवर्षं तोट्यात चालत होता. तो धरला तर सगळं गणित बिघडत होतं. तळटीप दिली होती, 'मालकाचा अव्यवहार्य निर्णय' अशी.

"मालक कोण?"

उन्मेषने तळटीपेचं पान उलटलं.

"उन्मेष, मालक कोण?"

"माझे वडील."

मग त्याने न विचारता बाकीचंही सांगून टाकलं. त्या कारखान्यापायी आंब्याची बाग विकावी लागली. घरी भागेना म्हणून त्याला शिकायला मावशीकडे धाडलं. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, की बंद करा. वडिलांनी ऐकलं नाही. हे सगळं तो दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगत होता.

"वडील आहेत?"

"आहेत. गावीच असतात."

"त्यांनी का चालू ठेवला?"

"त्याला काही कारण नाही, बाई. हट्ट, दुसरं काय?"

"त्यांनी सांगितलं असं?"

"...नाही. विचारलं नाही कधी."

बाईंनी प्रबंध मिटला, त्याच्या हातात दिला. उठून त्यांनी बाहेरचं दार उघडलं आणि दार धरून उभ्या राहिल्या.

उन्मेष रागावूनच बाहेर पडला. प्रबंध सादर करायला आठवडाच उरला होता. तरी संध्याकाळच्या गाडीने तो गावी गेला.

वडिलांना, नानांना, तो असा अचानक आल्याचं नवल वाटलं. त्यांनी भात टाकला. जेवताना उन्मेषने सरळ विचारलं, की बाकीच्यांनी बंद केल्यावर तुम्ही का नाही केला?

नाना म्हणाले, "बाकीचे बंद झाले म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक आपल्याकडे येईल, असं वाटलं." थोडं आलंही होतं, सुरुवातीला.

हे ऐकून उन्मेष चपापला. ही साधी व्यापाऱ्याची अक्कल होती. तो इतकी वर्षं तिला हट्ट म्हणत आला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं खाडीवर गेले. धुराडं पडलं होतं. भट्टीच्या जागी रान माजलं होतं. नाना तिथे उभे राहून बोलत राहिले. गिऱ्हाईक पुढे आटलं, हे त्यांना कळत होतं. पण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. एकाच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात बसत नाही. माकडं उड्या मारतात, नारळ पडतात, कौलं फुटतात.

"ज्यांच्या घरावर आपली कौलं," ते म्हणाले, "त्यांनी फुटलेल्या कौलाच्या जागी दुसरं आणायचं कुठून? पलीकडच्या दाऊदशेटने कारखाना बंद केला तेव्हा त्याच्या गिऱ्हाइकांना अख्खं छप्पर उतरवावं लागलं. मी पाहिलंय ते."

उन्मेषने विचारलं, की हे आईला कधी सांगितलं होतं का?

"तिला माहीत होतं. तरी ती बंद करा म्हणायची. तिचंही बरोबर होतं."

निघताना नाना त्याला सोडायला एसटी स्टँडवर आले. गाडी लागली. उन्मेष चढणार, तेवढ्यात त्यांनी त्याचा दंड धरला.

"अजून एक आहे... सकाळी उठून दुसरीकडे कुठे जायचं, ते मला सुचत नव्हतं रे."

उन्मेषने ती गाडी सोडली. पुढची गाडी येईपर्यंत दोघं बाकावर बसून होते.

त्याने विद्यापीठाकडे मुदत वाढवून मागितली. ती मिळाली. पावसाळाभर बसून त्याने नवं प्रकरण लिहिलं. त्यात वडिलांचा हिशेब होता, साच्याची खाच होती, गिऱ्हाइकांची फुटलेली कौलं होती आणि सकाळी उठून कुठे जायचं, तेही होतं. माणूस नेहमी जास्तीत जास्त नफाच पाहतो असं नाही, पुरेसं आणि जमेल तेही पाहतो, असं मत त्याने मांडलं. आलेखात नानांच्या कारखान्याचा ठिपका आला. सूत्राच्या रेषेपासून पार लांब, एकटा.

प्रत घेऊन तो पुन्हा बाईंकडे गेला.

बाईंनी ते प्रकरण बसल्या बैठकीला वाचून काढलं. मध्ये एकदा थांबून त्यांनी नानांची तब्येत विचारली. एसटी स्टँडवरचा मजकूर त्यांनी परत एकदा वाचला.

"चांगलं लिहिलंस," त्या म्हणाल्या.

उन्मेषला बरं वाटलं. तो म्हणाला, की आता प्रबंध पूर्ण झाला. बाकीचे कारखाने सूत्राने उलगडले होते, राहिलेला एक नानांनी उलगडून दिला. आता काही शिल्लक नाही.

बाईंनी आलेखाचं पान उघडलं. नानांचा ठिपका सोडून त्यांचं बोट रेषेवर गेलं. तिथे बाकीचे ठिपके अगदी चिकटून, ओळीत बसले होते. त्या एकेका ठिपक्यावर बोट टेकवत गेल्या.

"...काय झालं, बाई?"

"वडील बसत नव्हते म्हणून त्यांना जाऊन विचारलंस," बाई म्हणाल्या. "हे बसले, म्हणून यांना विचारायचंच नाही?"