जड झालेला विडा

ऐका हं, नीट पांघरुणात शिरा. सात डोंगरांपलीकडच्या नगरात मेघवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता. मनानं चांगला, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर. त्याचा सेनापती रायाजी. अंगावर अठरा जखमा, पण दरबारात बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा, बरं का!

एकदा काय झालं, शेजारच्या राजानं मेघवर्म्याच्या हत्तीला भर सभेत म्हैस म्हटलं. झालं! राजानं सोन्याच्या तबकात विडा मांडला. त्या राज्याची रीतच होती. मोहिमेचा विडा सेनापतीनं उचलायचा, आणि एकदा उचलला की मागं फिरायचं नाही.

"उद्या निघा. त्या शेजाऱ्याचा काळागड घ्या," राजा म्हणाला.

मग रायाजी वाकला. त्यानं विडा धरला. पण छे! एवढासा विडा, आणि जात्याच्या तळीसारखा जड. हात बिघडला, की विडा? रायाजीला काही उमगेना.

प्रधान हसले. "काय सेनापती, सकाळची भाकर राहिली वाटतं?"

रायाजीच्या मनात वेगळंच चाललं होतं. काळागडावर विहीर एकच, तीही चैत्रात आटते, आणि चैत्र तर लागलाच होता. सांगावं, तर राजाचा शब्द मोडतो. न सांगावं, तर तीन हजार माणसं तहानेनं मरतात. इमान म्हणायचं तरी कशाला?

शेवटी तोंडून निघूनच गेलं, "महाराज, गडावर पाणी नाही. माणसांनी प्यायचं काय?"

आणि काय नवल! विडा बोटभर वर उठला. राजानं नुसते डोळे वटारले. मग विडा धप्पकन खाली.

रायाजी अधिकच गोंधळला. त्यानं पुन्हा विचारलं, "गड घेतलाच, तर तो राखायचा किती दिवस?"

विडा उठला, पुन्हा पडला.

राजा गरजला, "तुम्ही सेनापती आमचे, की शेजाऱ्याचे?"

रायाजीनं कपाळाचा घाम पुसला. "आपलाच, महाराज. म्हणून तर विचारतोय. एवढं सगळं करून आपल्याला मिळणार काय?"

राजा मिळकत बोटांवर मोजू लागला. एकही बोट मुडपेना. मग तो स्वतः उठला, दोन्ही हातांनी विडा ओढू लागला. विडा तसूभर हलला नाही. राजा धापा टाकत पायरीवरच बसला.

"रायाजी, हे आधी का नाही बोललात?"

"बोलणं माझं काम आहे की नाही, तेच कळत नव्हतं, महाराज."

"ऐकणं माझं काम आहे, हे तरी मला कुठं कळत होतं!"

मग राजानं मोहीम मोडली. तीन हजार माणसं आपापल्या घरी जेवायला गेली. पुढं तिथं नवी रीत पडली. सेनापतीनं आधी मनातलं सगळं विचारायचं, राजानं ऐकायचं, मग राजा ठरवील ते खरं. कधी विडा उचलला गेला, कधी नाही. पण राजा, रायाजी आणि रयत सुखानं नांदली.

विडा जड का झाला म्हणता? ते रायाजीला उमगलं नाही, मलाही नाही. मिटा बघू डोळे आता.