पॉवर बँकेची झोप

गाड्यांच्या काचांवर नुकते कॅमेरे बसू लागले होते, तेव्हाची गोष्ट. रेवतीबाईंनी आपल्या गाडीतल्या कॅमेऱ्याला वीज पुरवायला एक भलीमोठी पॉवर बँक आणली.

गाडी उभी असली की कॅमेरा अगदी थोडी वीज घेई. पॉवर बँकेला वाटे, कोणी काही मागतच नाही. मग ती झोपून जाई आणि कॅमेराही बंद पडे.

एका दुपारी रेवतीबाईंचा कुत्रा भुऱ्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीसमोरच कुणाच्या तरी चाकाखाली गेला. त्या धावत आल्या. "कोण होता रे तो? दाखव ना!" कॅमेऱ्याकडे दाखवायला काहीच नव्हते.

"मेल्या, जास्त मागायचं होतंस की!" पॉवर बँक कळवळून म्हणाली.

"मला तेवढंच लागत होतं गं," कॅमेरा म्हणाला.