टोकदार बुटांचा ठसा

डोळ्यांच्या औषधाच्या कारखान्यात, औषध भरायच्या खोलीच्या दाराशी एक चिकट चटई होती. बुटांची धूळ तिला चिकटायची आणि सफाईवाल्या अनसाबाई रोज संध्याकाळी तिचा वरचा मळका थर सोलून काढायच्या.

एके दिवशी औषधाच्या बाटलीत धूळ सापडली. मॅनेजर टिपणीस साहेब मालकांसमोर अनसाबाईंकडे बोट दाखवत कडाडले, "हिला आधी काढून टाका! आज मी तीनदा आत जाऊन आलो, हिनं फरशीच पुसलेली नाही."

अनसाबाईंनी आजचा सोललेला थर टेबलावर अंथरला. "मालक, आत गेलेल्या सगळ्यांचे ठसे यात आहेत. साहेब, तुमच्या टोकदार बुटांचा तेवढा दाखवा."

साहेबांनी पाय खुर्चीखाली ओढले.

"चटईवरून उडी मारून गेला असाल, तर धूळ कुणी नेली ते कळलं. गेलाच नसाल, तर न पुसलेली फरशी बघितली कुठून?"